खडूची खूण : संभाव्य आणि क्वांटम प्रक्रिया पडताळण्याच्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार. अनगोळ, बेळगाव

काल रात्रीपासून पावसाने धरलंय, वीज दोनदा गेली, तरी सुरुवात झाली. काम असं: दोन प्रक्रियांचं वर्णन द्यायचं आणि बाहेरून बघणाऱ्याला त्या एकसारख्या वाटतील का, हे पायथनमधल्या प्रोग्रामने सांगायचं. वेगळ्या असतील तर नेमक्या कुठल्या पावलावर वेगळ्या पडल्या ते दाखवायचं. आधी साध्या प्रक्रिया, मग ज्यांच्यात नाणेफेक आहे अशा, मग क्वांटम.

नोंदी मराठीत ठेवणार आहे. माझ्याबरोबर काम करणारे दोघंही मराठी माध्यमातून आलेले, एक खानापूरचा, एक येळ्ळूरची. वर्गात सगळं इंग्रजीत ऐकतात, परीक्षेत इंग्रजीत लिहितात, पण 'म्हणजे काय?' हे मराठीतच विचारतात. त्याचं उत्तर त्याच भाषेत कुठेतरी लिहून ठेवलेलं असावं असं मला फार दिवसांपासून वाटतंय.

१७ जून, मंगळवार

रॉबिन मिल्नर यांनी १९८० मध्ये सीसीएस (एकाच वेळी चालणाऱ्या, एकमेकांशी बोलणाऱ्या प्रक्रिया लिहायची रीत) मांडलं, डेव्हिड पार्क यांनी १९८१ मध्ये बायसिम्युलेशनची व्याख्या दिली. व्याख्या फळ्यावर लिहिली तर दोघंही गप्प. मग खानापूरच्या मुलानेच उदाहरण काढलं.

खानापूर स्टँडवर एक गाडी उभी आहे. चढायचं, आणि नंदगडला की जांबोटीला ते चढल्यावर सांगायचं. दुसऱ्या दिवशी दोन गाड्या उभ्या आहेत, दोन्हींवर पाटी नाही. एक नंदगडला जाणार, एक जांबोटीला, पण चढल्याशिवाय कळत नाही. 'चढलो, नंदगड' आणि 'चढलो, जांबोटी' ही दोनच वाक्यं दोन्ही दिवशी घडू शकतात. नुसती वाक्यांची यादी बघितली तर दोन्ही दिवस सारखे. पण जांबोटीला आजारी मावशी असलेल्या माणसाला विचारा! पहिल्या दिवशी चढल्यानंतरही दोन्ही वाटा त्याच्या हातात होत्या, दुसऱ्या दिवशी पायरीवर पाय ठेवला तेव्हाच एक वाट संपली.

बायसिम्युलेशन हा फरक पकडतं. तू एक पाऊल टाक, मी तसंच टाकतो, आणि पाऊल टाकल्यावर आपण दोघं पुन्हा सारखेच असायला हवं. हा 'पुन्हा' विसरला की सगळं गेलं.

२२ जून, रविवार

संभाव्य प्रक्रियांसाठी लार्सन आणि स्काऊ यांची १९८९ची व्याख्या घेतली. दोन अवस्था समान कधी? एखाद्या क्रियेने कुठल्याही वर्गात, म्हणजे समान अवस्थांच्या गटात, जाण्याची एकूण संभाव्यता दोघींची तीच असेल तेव्हा. कुठल्या अवस्थेत गेली हे बघायचं नाही, कुठल्या वर्गात गेली ते बघायचं. प्रोग्राममध्ये हे टोपल्यांनी केलं. सगळ्या अवस्था एका टोपलीत टाकायच्या, ज्यांची एखाद्या टोपलीत जाण्याची संभाव्यता वेगळी निघते त्यांना वेगळं काढायचं, टोपल्या फुटायच्या थांबल्या की उत्तर तयार.

पहिल्याच चाचणीत चूक. एक अवस्था तीन वाटांनी, प्रत्येकी ०.१ ने एका टोपलीत जाते. दुसरी एकाच वाटेने ०.३ ने. समान यायला हवं, आलं वेगळं. संगणकाच्या लेखी ०.१ तीनदा मिळवले की ०.३०००००००००००००००४ होतात. येळ्ळूरच्या मुलीने सुचवलं की थोडा फरक चालवून घेऊ. तो मार्ग मी बंद केला, आणि कारण तिला नीट समजावलं: 'जवळजवळ सारखे' हे नातं पुढे सरकत नाही. अ हा ब च्या जवळ, ब हा क च्या जवळ, पण अ आणि क लांब असू शकतात. मग टोपल्याच करता येत नाहीत. ज्यांना जवळिकीवर बोलायचं आहे त्यांनी समता सोडून अंतर मोजावं. देशार्ने, गुप्ता, जगदीशन आणि पनंगडन यांनी १९९९ मध्ये तेच केलं. आपल्याला समता हवी, म्हणून सगळे आकडे अपूर्णांकात. पायथनमध्ये त्याची सोय आहे. वेळ जास्त लागतो, लागू दे.

२९ जून, रविवार

नाण्याने फासा टाकायचा, क्नुथ आणि याओ यांची १९७६ची रीत. तीनदा नाणं उडवलं की आठ शक्यता; सहांना फाशाचे आकडे द्यायचे, उरलेल्या दोन निघाल्या तर पहिल्या फेकीनंतरच्या जागी परत जायचं. एक पडण्याची संभाव्यता १/८ + १/३२ + १/१२८ अशी वाढत जाते आणि बरोबर १/६ ला पोचते. सरासरी फेका ११/३.

नाणं उडवणं बाहेर दिसत असेल तर ही प्रक्रिया आणि खरा फासा वेगळे. ते आतलं पाऊल मानून झाकलं आणि शेवटी कुठला आकडा किती संभाव्यतेने पडतो एवढंच बघितलं, तर समान. परत फिरणाऱ्या वाटेमुळे मालिका अनंत होते, ती बेरीज न करता समीकरण सोडवलं. पहिली फेक एकच्या बाजूला पडल्यावर पुढे एक मिळण्याची संभाव्यता प धरली: प = १/४ प + १/४, म्हणून प = १/३, आणि पहिल्या फेकीचा निम्मा भाग धरून १/६. अपूर्णांकात उत्तर चोख आलं. दोघंही हरखली.

६ जुलै, आषाढी

काम नाही. आईबरोबर देवळात.

१२ जुलै, शनिवार

क्वांटमला हात घातला आणि लगेच अडचण: हॅडामार्ड क्रियेत (शून्य किंवा एक या अवस्थेतून दोन्हींची बेरीज किंवा वजाबाकी बनवणारं पाऊल) १/√२ येतो, आणि तो अपूर्णांकात बसत नाही. इतक्या कष्टाने आकडे चोख ठेवले, ते आता सोडायचे का, या विचारात दोन दिवस गेले.

उत्तर कागदावर मिळालं. आपण अवस्थेचा सदिश ठेवतच नाही, डेन्सिटी मॅट्रिक्स ठेवतो, म्हणजे मोजमापांच्या निकालांबद्दल जे काही सांगता येतं ते सगळं ज्यात आहे असा आकड्यांचा तक्ता. तिच्यावर हॅडामार्ड लावताना ती डावीकडून एकदा आणि उजवीकडून एकदा येते, म्हणजे १/√२ दोनदा गुणला जातो आणि नुसता १/२ उरतो. वर्गमूळ स्वतःच निघून गेलं! एक, उणे एक आणि आय (उणे एकचं वर्गमूळ) एवढ्यावर काम भागतं. टी-गेट घेतलं तर मात्र ४५ अंशांचा कोन येतो आणि हे चालत नाही, म्हणून टी-गेट सध्या बाहेर. टेलिपोर्टेशन (क्वांटम अवस्था दुसऱ्याकडे पोचवणं) आणि बीबी८४ (क्वांटम अवस्था पाठवून दोघांत गुप्त किल्ली ठरवणं) यांना त्याची गरजही नाही.

१९ जुलै, शनिवार

दिवसभर मुसळधार. टेलिपोर्टेशन चाललं.

बेनेट, ब्रासार आणि सहकाऱ्यांची १९९३ची कृती: अ‍ॅलिस आणि बॉब (पाठवणारी आणि घेणारा, ही ठरलेली नावं) यांच्याकडे गुंतलेल्या, म्हणजे मोजमापांचे निकाल एकमेकांशी बांधलेल्या, जोडीतला एकेक क्युबिट (क्वांटम बिट). अ‍ॅलिस पाठवायचा क्युबिट आपल्या अर्ध्याशी जोडते, दोन मोजमापं घेते, चार निकालांपैकी एक येतो, प्रत्येकी १/४. ते दोन बिट ती बॉबला कळवते आणि बॉब त्याप्रमाणे एक्स (शून्य-एकची अदलाबदल) आणि झेड (एकचं चिन्ह उलटं) दुरुस्त्या करतो. दोन बिटांचा निरोप झाकला तर ही सगळी प्रक्रिया 'क्युबिट घे, क्युबिट दे' एवढ्या साध्या प्रक्रियेसारखी दिसायला हवी. फेंग, दुआन आणि यिंग यांच्या २०११च्या मांडणीतली अट इथे लावली: दोन्हीकडची पावलं जुळायला हवीतच, शिवाय प्रक्रियेच्या ताब्यात नसलेल्या क्युबिटांची मॅट्रिक्सही तीच हवी. आपल्या ताब्यातलं काढून टाकून उरलेलं बघायचं, हे आंशिक ट्रेस घेऊन होतं.

इथे एक चूक झाली ती लिहून ठेवते, कारण तिने बरंच शिकवलं. बॉबची झेड दुरुस्ती लिहायची राहिली होती. शून्य टाकलं, शून्य आलं. एक टाकलं, एक आलं. मुलं म्हणाली झालं. मी अधिक-अवस्था (शून्य आणि एक यांची बेरीज; उणे म्हणजे त्यांची वजाबाकी) टाकायला लावली आणि पलीकडे निव्वळ गोंधळ बाहेर पडला: निम्म्या वेळा अधिक, निम्म्या वेळा उणे, म्हणजे ज्यात काहीच माहिती उरली नाही अशी मॅट्रिक्स. झेडचा परिणाम शून्य आणि एक यांवर दिसतच नाही. तेव्हापासून प्रत्येक चाचणी चार अवस्थांवर: शून्य, एक, अधिक आणि आय (शून्य अधिक आय गुणिले एक). या चार मॅट्रिक्सपासून बाकीच्या सगळ्या बनतात आणि क्रिया रेषीय आहे, म्हणून चार जुळल्या की सगळ्या जुळल्या. पाचवी चाचणी गुंतलेल्या जोडीतला अर्धा क्युबिट आत टाकून.

२४ जुलै, गुरुवार

निकाल चुकला, आणि या वेळी चूक टंकलेखनाची नाही.

प्रक्रिया अ: नाणं उडव, शून्य किंवा एक अवस्थेतला क्युबिट तयार कर, बाहेर दे. प्रक्रिया ब: नाणं उडव, अधिक किंवा उणे अवस्थेतला तयार कर, बाहेर दे. प्रोग्राम म्हणतो: वेगळ्या.

खानापूरचा मुलगा कागदावर दोन ओळी मांडून म्हणाला, "मॅडम, हे दोन्ही एकच की ओ." बरोबर आहे त्याचं. शून्य आणि एक यांची सरासरी घ्या, मॅट्रिक्सच्या कर्णावर १/२, १/२ आणि बाकी शून्य. अधिक आणि उणे यांची सरासरी घ्या, तीच मॅट्रिक्स. जगातलं कुठलंही मोजमाप यांच्यात फरक करू शकत नाही. आमचा प्रोग्राम मात्र फांद्या, म्हणजे नाण्याच्या किंवा मोजमापाच्या प्रत्येक निकालापासून फुटणाऱ्या वाटा, एकेक करून बघतो: इकडे शून्य आणि एक, तिकडे अधिक आणि उणे, जोडी लागत नाही, म्हणून वेगळं. टेलिपोर्टेशनमध्ये हे लपून राहिलं, कारण दुरुस्तीनंतर चारही फांद्या एकाच अवस्थेत येतात.

२५ जुलै, शुक्रवार

रात्री झोप लागली नाही. ही चूक किती खोल आहे ते लिहून काढलं.

अ‍ॅलिस बेळगावात, बॉब बंगळूरमध्ये, दोघांकडे गुंतलेल्या जोडीतला एकेक क्युबिट. अ‍ॅलिसने आपला शून्य-एक पायात (पाया म्हणजे मोजताना ज्या दोन अवस्थांपैकी एक निकाल येतो ती जोडी) मोजला की बॉबचा शून्य किंवा एक होतो. तिने अधिक-उणे पायात मोजला की बॉबचा अधिक किंवा उणे होतो. बॉबला या दोहोंत फरक करता आला असता, तर अ‍ॅलिसने कुठला पाया निवडला हे त्याला त्याच क्षणी कळलं असतं, ना फोन, ना पत्र. निसर्ग हे होऊ देत नाही. आमच्या प्रोग्रामने होऊ दिलं होतं.

बीबी८४चंही तेच. बेनेट आणि ब्रासार यांनी तो निबंध डिसेंबर १९८४ मध्ये बंगळूरच्याच परिषदेत मांडला होता. त्यातली सुरक्षा मुख्यतः या गोष्टीवर उभी आहे: वाटेत ऐकणाऱ्या ईव्हला अ‍ॅलिसचा पाया कळत नाही, कारण दोन्ही पायांची सरासरी तीच मॅट्रिक्स आहे. मी बनवलेल्या साधनाच्या लेखी ईव्हला पाया कळू शकतो. अशा साधनाने कुणी प्रोटोकॉल तपासला तर सुरक्षित गोष्टीला तो असुरक्षित म्हणेल. हे इथेच नीट करायचं, पुढे ढकलायचं नाही.

२७ जुलै, रविवार

पहिली दुरुस्ती. ज्या फांद्यांमध्ये पुढचा प्रक्रियेचा मजकूर अक्षरशः तोच आहे, त्या एकत्र करायच्या आणि त्यांच्या मॅट्रिक्सची वजनानुसार बेरीज घ्यायची. अ आणि ब समान आल्या. जुन्या सगळ्या चाचण्याही पार.

२ ऑगस्ट, शनिवार

येळ्ळूरच्या मुलीने दुरुस्ती मोडून दाखवली. तिचं मनापासून कौतुक केलं, ते इथेही लिहिते.

तिने अ आणि ब यांत एक शेपूट जोडलं: क्युबिट बाहेर दिल्यावर नाण्याचा निकाल एका बंद वाहिनीवर पाठवायचा, जी कुणीच ऐकत नाही. निरीक्षकाच्या दृष्टीने काहीच बदललं नाही. पण एका फांदीत 'शून्य पाठव' आणि दुसरीत 'एक पाठव' असा मजकूर उरतो, तो अक्षरशः तोच नाही, म्हणून फांद्या एकत्र होत नाहीत.

मग तिने निरीक्षक लिहिला, आणि त्याला निवड दिली. मोजण्याआधी नियम ठरव: एकतर 'शून्य आला तर घंटा वाजव' किंवा 'एक आला तर घंटा वाजव', यातलं काहीही घे. मग क्युबिट शून्य-एक पायात मोज. प्रोग्रामने ही निवड प्रत्येक फांदीत वेगळी करू दिली. शून्याच्या फांदीत त्याने पहिला नियम घेतला, एकच्या फांदीत दुसरा. प्रक्रिया अ मध्ये घंटा हमखास वाजली, संभाव्यता १. प्रक्रिया ब मध्ये कुठलाही नियम घ्या, १/२ च्या वर जात नाही. निकाल: वेगळ्या.

निरीक्षकाला फांदी माहीत नाही. तरी त्याची निवड फांदी बघून झाली. मग बघितलं कुणी?

३ ऑगस्ट, रविवार

संध्याकाळी बाबांना हे सांगत बसले. बाबा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत आयुष्यभर बिडाच्या कास्टिंगची तपासणी करत होते. त्यांच्या कामाची पद्धत लहानपणी एकदा डब्बा द्यायला गेले तेव्हा बघितली आहे: पंपाचं कास्टिंग तारेला लटकवून एका हाताने धरायचं, दुसऱ्या हाताने छोट्या हातोडीने टोला द्यायचा आणि कान लावायचा. चांगलं असेल तर खणखणीत वाजतं, आवाज हवेत थोडा रेंगाळतो. आत चीर असेल तर बद्द येतो, लगेच मरतो.

मी घंटेची गोष्ट सांगितल्यावर ते म्हणाले, "आमच्याकडं मोल्डर खडूची खूण करायचे बघ, कुठल्या पाळीचा माल ते कळायला. मी फडकं मारून खूण पुसूनच हातोडी उचलायचो. खूण दिसली की हात आपोआप हलका पडतोय गं, नाहीतर जड पडतोय. मग ते कास्टिंग वाजत नाही, आपलं मत वाजतंय."

मी वही काढून तिथेच लिहून घेतलं. आमच्या फांद्यांवर खडूची खूण आहे. निरीक्षकाला ती दिसत नाही, पण त्याच्या वतीने निवड करणाऱ्या प्रोग्रामला दिसते, आणि तो खूण बघून टोला देतो.

एकत्र करण्याच्या दुरुस्तीने काही खुणा पुसल्या गेल्या, सगळ्या नाही. आणि सगळ्या पुसताही येत नाहीत, कारण काही खुणा प्रक्रियेला पुढे लागणार आहेत: बीबी८४ मध्ये अ‍ॅलिस आपला पाया नंतर जाहीर करते, तोवर तिला तो लक्षात ठेवावाच लागतो. म्हणजे खूण मालावर राहू द्यायची, पण तपासणाऱ्याचे डोळे तिच्यापर्यंत पोचू द्यायचे नाहीत.

९ ऑगस्ट, शनिवार

दुसरी दुरुस्ती. निरीक्षकाची निवड आता फांदीवर ठरत नाही, त्याला आतापर्यंत बाहेरून काय मिळालं यावर ठरते. ज्या फांद्यांमध्ये त्याने तेच ऐकलं, त्याच मोजमापांचे तेच निकाल बघितले, त्या सगळ्यांत त्याने तोच नियम घ्यायचा. काही नवीन कळलं की गट फुटतो आणि मग निवड वेगळी होऊ शकते. प्रक्रियेची स्वतःची निवड मात्र तिच्या स्वतःच्या माहितीवर ठरू दिली, तिचा तो हक्क आहे.

शेपटाची चाचणी: घंटा अ मध्ये १/२, ब मध्ये १/२. समान.

हे लिहून झाल्यावर २०२४च्या पीओपीएल (प्रोग्रामिंग भाषांवरच्या) परिषदेतला चेराजोली, गादुच्ची, लोमुर्नो आणि तेदेस्की यांचा निबंध पुन्हा काढला. मे महिन्यात वरवर वाचून बाजूला ठेवला होता. अनिर्धारित निरीक्षकाला (ज्याची निवड आधीपासून ठरलेली नाही अशाला) मोकळं सोडलं की तो क्वांटम सिद्धांताच्या मर्यादेबाहेरचा फरक दाखवतो, म्हणून त्याच्या निवडीला लगाम हवा, हे त्यांनी सिद्धतेसह मांडलंय. आमची अट त्यांच्याइतकी सर्वसाधारण नाही, आमच्या प्रक्रियांची पावलं मर्यादित आहेत. पण तो निबंध आता मुलांना ओळीओळीने शिकवता येईल. कुठे दुखतं ते त्यांनी स्वतः अनुभवलंय.

प्रोग्राम हळू झालाय. गट करताना प्रत्येक इतिहासाची तुलना होते. इतिहासाला क्रमांक द्यायचं काम खानापूरच्या मुलाकडे.

१७ ऑगस्ट, रविवार

बीबी८४, एका क्युबिटपुरतं. ईव्ह वाटेत क्युबिट अडवते, दोन पायांपैकी आपल्या मर्जीच्या पायात मोजते, निकालाप्रमाणे नवा क्युबिट बनवून पुढे पाठवते आणि निकाल स्वतःजवळ ठेवते.

चाचणी पहिली: अ‍ॅलिस क्युबिट पाठवते आणि थांबते, पुढे काही बोलत नाही. ईव्ह असलेली प्रक्रिया आणि नसलेली प्रक्रिया, प्रोग्राम म्हणतो समान. येळ्ळूरच्या मुलीचा विश्वास बसेना, तिने हाताने पडताळलं: दोन्हीकडे तीच मॅट्रिक्स, कर्णावर १/२, १/२.

चाचणी दुसरी: अ‍ॅलिस क्युबिट पाठवते आणि मग आपला पाया आणि बिट जाहीर करते. प्रोग्राम म्हणतो वेगळ्या, आणि कुठे ते दाखवतो: पाया जुळलेला असताना बॉबचा बिट चुकण्याची संभाव्यता, ईव्ह नसताना ०, ईव्ह असताना १/४. चौथ्या दशांशापर्यंतची जवळीक नाही, अपूर्णांकात लिहिलेला १/४.

दोन्ही चाचण्या कायमच्या संचात टाकल्या. खानापूरच्या मुलाने संध्याकाळच्या गाडीआधी सगळी फाइल पेनड्राइव्हवर घेतली. पुढच्या रविवारी सुपरडेन्स कोडिंग (गुंतलेल्या जोडीच्या मदतीने एका क्युबिटमधून दोन बिट पाठवणं).